जुनं सेंट्रल युनिट गेलं, नवीन हीटिंग-कूलिंगचं साइझ नक्की कशावरून ठरवायचं?

जुनी_खिडकी – शनिवार, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच काही सुचेनासं झालंय. घर दोन मजली, साधारण १८०० चौरस फूट, डक्ट (हवा नेणारे मोठे पाइप) सगळे पोटमाळ्यावरून. कूलिंग ४ टनाचं, जुन्या आर-२२ गॅसवालं, १८ वर्षांचं, आणि त्याच डक्टला जोडलेली तेवढीच जुनी गॅस फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी. गेल्या सीझनच्या शेवटी कॉम्प्रेसर बसला, मेकॅनिकने मीटर लावून दाखवलं की वाइंडिंग अर्थला लागलंय. फर्नेस चालू आहे म्हणून हिवाळा निघाला, आता उन्हाळ्याच्या आत काहीतरी ठरवायलाच हवं.

तीन जणांनी कोटेशन दिलंय. पहिला म्हणाला ५ टन घ्या, "जरा मोठंच बरं". दुसरा म्हणतो आहे तेवढंच ४ टन. तिसरा ३ टनाचा इन्व्हर्टर हीट पंप (उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम करणारं, गरजेप्रमाणे कमी-जास्त चालणारं एकच मशीन) सांगतोय आणि फर्नेस काढूनच टाका म्हणतोय. पहिले दोघं दहा मिनिटांत गेले, बाहेरच्या युनिटच्या प्लेटचा फोटो काढला की झालं. तिसरा मात्र दीड तास होता, खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढला, फिल्टर काढून बघितला. पण तो सगळ्यात लहान मशीन सांगतोय त्यामुळे घरात कोणाचाच विश्वास बसत नाहीये. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत रात्री उणे १० पर्यंत जातं, उन्हाळ्यात दुपारी ३८. मशीन अपुरं पडलं तर त्यांचे हाल होतील ही खरी भीती आहे. काय करू?

तिसरामजला – शनिवार, सकाळी ९:०५

मोठंच घ्या. लागलं तर आहे, नाही लागलं तर कमी वेळ चालेल, नुकसान काय त्यात.

ओलावा – शनिवार, सकाळी १०:४०

नुकसान काय ते मी सांगते, कारण आमच्याकडे हेच झालं. आधीचं बंद पडल्यावर आम्हीही "एक टन वर घ्या" ऐकलं आणि घेतलं. मशीन सुरू झालं की सहा-सात मिनिटांत थर्मोस्टॅटचा आकडा गाठायचं आणि बंद. घर थंड व्हायचं पण कसं, तर तळघरासारखं. चादरी हाताला ओलसर लागायच्या, कपाटाच्या मागच्या भिंतीवर बुरशीचे ठिपके आले, मुलीला सकाळी उठल्याउठल्या शिंका. दोन उन्हाळे आम्ही बुरशी पुसत होतो आणि मशीनवर शंकासुद्धा घेतली नाही, कारण आकडा तर बरोबर दाखवत होता ना.

नंतर कळलं की कॉइलवर (मशीनमधल्या थंड नळ्यांच्या जाळीवर) दव जमून त्याचे थेंब होऊन ड्रेनच्या नळीपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. त्याआधीच मशीन थांबलं तर पाणी कॉइलवरच राहतं, आणि पंखा चालू असला की तेच पाणी परत वाफ होऊन घरात येतं. आमच्या ड्रेनमधून पाणी जवळजवळ येतच नव्हतं! दमट दिवसात एसीच्या नळीतून पाणी यायलाच पाहिजे, नाही आलं तर ते घरातच आहे. हवेतलं एक लिटर पाणी काढायचं तर साधारण ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) एवढी उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे हे किरकोळ काम नाही, मशीनच्या कामाचा मोठा हिस्सा आहे.

आणि विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये जे पहिलं यंत्र आखलं ते मुळात छापखान्यातला दमटपणा आवरण्यासाठीच होतं, कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत म्हणून. गारव्याचं नंतर आलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, की आपल्याला जो त्रास झाला तोच या यंत्राचा मूळ प्रश्न आहे.

गणिती_गोम – शनिवार, दुपारी १२:२०

ताई, तुमच्याकडे एक फार मोलाची गोष्ट आहे आणि ती म्हणजे चालू असलेली फर्नेस. अजून रात्री शून्याखाली जात असेल तर घराला खरंच किती उष्णता लागते हे तुम्ही स्वतः मोजू शकता, कोणाचं ऐकायची गरज नाही.

फर्नेसच्या दाराच्या आत प्लेट असते, त्यावर इनपुट आणि आउटपुट असे दोन आकडे असतात, आपल्याला आउटपुट हवा. मग एखाद्या गार, वारा नसलेल्या रात्री थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर ठेवा, मध्ये हात लावू नका, आणि पहाटेचे दोन तास बर्नर एकूण किती मिनिटं पेटला ते लिहा. पंखा नंतरही फिरत राहतो, तो नाही धरायचा, ज्योत किती वेळ ते बघायचं. आउटपुट गुणिले पेटलेली मिनिटं, भागिले एकूण मिनिटं. पहाट अशासाठी की ऊन नसतं, स्वयंपाक नसतो, सगळे झोपलेले, म्हणजे घराला फक्त मशीनचीच ऊब मिळत असते. बाहेरचं तापमानही लिहा.

जुनी_खिडकी – सोमवार, सकाळी ७:३०

केलं! काल पहाटे ३ ते ५ जिन्याखाली मोढा टाकून बसले होते, वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन. बाहेर उणे ५, आत २० वर ठेवलेलं. प्लेटवर तासाला इनपुट १,००,००० आणि आउटपुट ८०,००० बीटीयू (उष्णतेचं माप) आहे. दोन तासांत सहा वेळा पेटली, एकूण ४० मिनिटं. ज्योत पेटली की त्या काचेच्या चकतीतून निळं दिसतं, विझली की टक् असा आवाज येतो, त्यामुळे मोजायला अगदी सोपं गेलं. पुढचं गणित सांगाल का?

गणिती_गोम – सोमवार, सकाळी ९:१५

वा, याला म्हणतात मोजणं. ८०,००० गुणिले ४० भागिले १२० म्हणजे तासाला सुमारे २६,७०० बीटीयू, म्हणजे ७.८ किलोवॅट. आत-बाहेर फरक २५ अंश, म्हणजे प्रत्येक अंशाला घर साधारण ०.३१ किलोवॅट गमावतंय. तुमची सगळ्यात वाईट रात्र उणे १०, तिथे फरक ३० अंश, म्हणजे ९.४ किलोवॅट लागतील.

१ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू म्हणजे ३.५ किलोवॅट (टन हा शब्द बर्फावरून आला, एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी). मग ५ टन म्हणजे साडेसतरा किलोवॅट. तुमच्या घराला सगळ्यात वाईट रात्रीसुद्धा त्याच्या निम्म्याच्या जरा वर लागतंय. तिसरा माणूस खरं बोलतोय असं मला वाटतं.

आता कूलिंगचं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मशीन सलग चालायचं की चालू-बंद?

जुनी_खिडकी – सोमवार, दुपारी १:५०

हे मला नक्की आठवतंय कारण युनिट सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीमागेच आहे, सुरू होताना धडधड व्हायची आणि ते झोपेतून उठायचे. ३८ च्या दुपारी साधारण १० मिनिटं चालायचं आणि १२ मिनिटं बंद. आम्हाला वाटायचं मशीन चांगलं आहे, लगेच गार करतं.

ओलावा – सोमवार, दुपारी २:१०

हेच ते. सगळ्यात गरम दुपारी मशीन अर्ध्याहून जास्त वेळ बसून होतं म्हणजे ४ टनही तुमच्या घराला दुपटीने मोठं होतं.

पाना_पकड – सोमवार, रात्री १०:०५

धागा आत्ता वाचला. मी २२ वर्षं याच कामात आहे, बसवणं, काढणं, दुरुस्ती सगळं. जरा मोठं लिहितो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे दहा मिनिटांत प्लेटचा फोटो काढून साइझ सांगणारा माणूस आधीच्या माणसाची चूक पुढे नेत असतो. १८ वर्षांपूर्वी कोणीतरी अंदाजे ४ टन लावलं, तेव्हापासून तोच आकडा खरा धरलाय. मधल्या काळात खिडक्या बदलल्या असतील, माळ्यावर इन्सुलेशन घातलं असेल, ते कोण बघणार? खोली खोली करून उष्णतेचा हिशोब करावा लागतो, भिंती, काचा, दिशा, छत, फटी, माणसं. ज्याने केला त्याच्याकडून तो कागद मागून घ्या.

दुसरं, बाहेरचं युनिट घ्यायच्या आधी माळ्यावर चढा. मी जी घरं बघतो त्यातल्या बहुतेकांचा खरा आजार डक्टमध्ये असतो. सर्वसाधारण घरात पंख्याने ढकललेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते. टॉर्च घेऊन जा आणि डक्टच्या सांध्यांजवळच्या काचलोकरीवर काळपट रेघा दिसतात का बघा, हवा तिथून निसटताना धूळ लोकरीत गाळली जाते आणि डाग पडतो. सांधे मॅस्टिकने (डक्टच्या घट्ट लेपाने) लिंपायचे, कापडी टेप माळ्यावरच्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत सुकून गळून पडतो.

तिसरं, रिटर्न, म्हणजे घरातली हवा मशीनकडे परत नेणारी वाट. मशीनला श्वास घ्यायला जागा लागते. दर टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा, म्हणजे ३ टनाला १२००. तुमचा फिल्टर केवढा आहे आणि किती आहेत?

चौथं, फर्नेस १८ वर्षांची आहे तर तिचा हीट एक्सचेंजर (ज्योतीची ऊब घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) कोणी शेवटचा कधी बघितला? त्याला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, वास नाही रंग नाही. झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म नसेल तर बाकी सगळं राहू द्या, उद्या तो लावा.

जुनी_खिडकी – मंगळवार, सकाळी ६:५५

दादा, अलार्म नव्हता. काल रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही, आज संध्याकाळपर्यंत दोन्ही मजल्यांवर लावतोय. फिल्टर एकच आहे, १६ बाय २० इंच. आणि हो, पंखा चालू झाला की तो रिटर्नचा जाळीदार दरवाजा शिट्टी मारतो, आम्हाला वाटायचं तो आवाज असतोच.

पाना_पकड – मंगळवार, सकाळी ८:२०

नसतो. १६ बाय २० म्हणजे सव्वादोन चौरस फूटसुद्धा नाही. त्यातून १२०० घनफूट ओढायची तर वेग मिनिटाला साडेपाचशे फूट होतो, पातळ फिल्टरला तीनशेच्या आतच बरा. ४ टनाला तर याहून जास्त ओढत होता. म्हणून शिट्टी, म्हणून कॉइलवर हवा कमी, आणि अशी वर्षं काढल्यावर कॉम्प्रेसरवर ताण येतो. तुमचा कॉम्प्रेसर कशाने गेला हे इथून सांगता येणार नाही पण माझा पहिला संशय यावरच आहे. हे न सुधारता ५ टन लावलं असतं तर तेही अकाली गेलं असतं. दुसरा रिटर्न काढून घ्या, शक्यतो वरच्या मजल्यावर.

झुळूक – मंगळवार, दुपारी ३:३०

मला विचारायचंय की डक्टची एवढी दगदग असेल तर सरळ खोल्याखोल्यांत स्प्लिट का नको? आम्ही तसंच केलं, प्रत्येक खोलीचं वेगळं तापमान, डक्टच नाहीत त्यामुळे गळतीही नाही.

पाना_पकड – मंगळवार, संध्याकाळी ६:४०

डक्ट मुळातच नसतील तर तोच मार्ग उत्तम. पण यांचे डक्ट आहेत आणि दुरुस्त होण्यासारखे आहेत. शिवाय पाच खोल्यांत पाच युनिटं म्हणजे पाच ड्रेन, पाच ठिकाणी धुवायचे फिल्टर. एकाच आउटडोअरला सगळी जोडली तर एकट्या लहान खोलीला गार करतानाही ते मोठं आउटडोअर फार खाली येऊ शकत नाही. जमिनीखालून उष्णता घेणारी सिस्टिमही आहे, खाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं त्यामुळे ती कडक थंडीतही छान चालते, पण खोदकाम मोठं असतं.

तिसरामजला – मंगळवार, रात्री ९:१०

माझं पहिलं म्हणणं मागे घेतो, ओलावाताईंचं वाचून पटलं. पण हीट पंप उणे १० ला ऊब देतो हे मनाला पटत नाही, बाहेर हवाच गोठलेली असताना तो उष्णता आणणार कुठून?

गणिती_गोम – मंगळवार, रात्री १०:३०

रास्त शंका आहे. उणे १० ची हवा आपल्याला गार, पण कॉइलमधलं रेफ्रिजरंट (नळ्यांतून फिरणारा गॅस) त्याहून गार ठेवलं की हवेतली उष्णता त्याच्याकडे जातेच, उतारावरून पाणी जातं तसं. मग कॉम्प्रेसर ते दाबून गरम करतो आणि आत सोडतो. एसी जे काम उन्हाळ्यात आतून बाहेर करतो तेच एक व्हॉल्व्ह फिरवून उलट. म्हणून १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता मिळू शकते, ती तयार करायची नसते, फक्त वाहून आणायची असते. बाहेर ७ अंश असताना हा आकडा, ज्याला सीओपी म्हणतात, ३ ते ४ असतो, थंडी वाढली की घसरतो, थंड हवेसाठी बनवलेली मॉडेल्स उणे १५ लाही २ च्या आसपास देतात.

मात्र दोन गोष्टी घसरतात, सीओपी आणि एकूण क्षमता. म्हणून "३ टन" या नावावर जाऊ नका, कंपनीचा सविस्तर तक्ता मागा, त्यात उणे १० ला किती किलोवॅट मिळतात ते लिहिलेलं असतं. आणि त्याच तक्त्यात सगळ्यात कमी किती चालू शकतो तेही बघा, इन्व्हर्टरची खरी गंमत खाली येण्यात आहे. एरवीच्या संध्याकाळी घराला एकच टन लागत असेल आणि मशीन दीडच्या खाली येत नसेल तर परत तेच चालू-बंद.

फर्नेस मदतीला ठेवायची का याचं माझं मत हो. हिशोब सोपा आहे: विजेचं एक युनिट हे गॅसमधल्या एका युनिट उष्णतेपेक्षा किती पट महाग ते काढा, त्याला फर्नेसच्या कार्यक्षमतेने गुणा. समजा तीन पट आणि फर्नेस ८० टक्क्यांची, तर २.४. सीओपी २.४ च्या वर असेपर्यंत हीट पंप स्वस्त, त्याखाली गेला की गॅस.

पाना_पकड – बुधवार, सकाळी ७:४५

गणित बरोबर आहे पण इथे माझं मत वेगळं आहे. जुन्या फर्नेसचा पंखा एकाच वेगाचा, इन्व्हर्टर आउटडोअरशी त्याचं जमत नाही. आउटडोअर, आतली कॉइल आणि पंखा ही जोडी कंपनीने एकत्र तपासलेली असावी, नाहीतर कागदावरची क्षमता कागदावरच राहते. १८ वर्षांच्या फर्नेसभोवती नवी सिस्टिम उभी करायची आणि तीन वर्षांनी फर्नेसच गेली तर सगळं परत उघडायचं. आधी हीट एक्सचेंजर तपासून घ्या, मग ठरवा.

जुनी_खिडकी – पुढचा सोमवार, रात्री ९:२०

खूप काही झालं या आठवड्यात. तिसऱ्याच माणसाला बोलावून फर्नेस उघडली. त्याने कॅमेऱ्याची वायर आत घातली आणि आम्हाला सगळ्यांना स्क्रीनवर दाखवलं, वाकणापाशी गंजाचा पट्टा आणि त्यात बोटाच्या नखाएवढी बारीक चीर. सासरे शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत, नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. अलार्म एकदाही वाजला नव्हता पण फर्नेस त्याच क्षणी बंद केली, आता दोन इलेक्ट्रिक हीटर खोल्यांत ठेवून दिवस काढतोय. दादा, तुम्ही त्या दिवशी लिहिलं नसतंत तर आम्ही फर्नेस उघडलीच नसती.

फर्नेस उघडायच्या आदल्या दिवशी डक्टचं काम झालं होतं. माळ्यावर मीही चढले. मुख्य रिटर्न जिथे पेटीला जोडलेला तिथे दोन बोटं जातील एवढी फट होती, म्हणजे घरात येणाऱ्या हवेत माळ्यावरची धूळ वर्षानुवर्षं ओढली जात होती. काळ्या रेघा तर जागोजाग. सगळं मॅस्टिकने लिंपलं, आणि त्या रात्री परत पहाटे मोजलं: बाहेर उणे ४, दोन तासांत ३३ मिनिटं.

गणिती_गोम – पुढचा सोमवार, रात्री १०:००

आधी हे की सगळे सुखरूप आहात, फार बरं वाटलं. फर्नेस ठेवा हे माझं म्हणणं इथेच संपलं.

३३ मिनिटांचा हिशोब: ६.४ किलोवॅट, फरक २४ अंश, म्हणजे अंशाला ०.२७. उणे १० ला ९.४ ऐवजी ८.१ किलोवॅट. नुसत्या लिंपण्याने सव्वा किलोवॅट वाचले, आणि हे मशीन घ्यायच्या आधी.

जुनी_खिडकी – मंगळवार, सकाळी ८:००

तिसऱ्याने तक्ता दिलाय, ३ टनाचं मॉडेल उणे १० ला ८.९ किलोवॅट देतं आणि खाली १ टनापर्यंत येतं. सोबत ५ किलोवॅटचा हीटर डक्टमध्ये, अगदीच वेळ आली तर. सासऱ्यांसाठी मला तो हवाच आहे. रेफ्रिजरंट आर-३२ की आर-४१०ए असं विचारतोय, काय सांगू?

पाना_पकड – मंगळवार, दुपारी १२:३०

घ्या. हीटरला २३० व्होल्टवर जवळजवळ २२ अँपिअर लागतील, स्वतंत्र वायर आणि ब्रेकर, मेन बोर्डात तेवढी जागा आहे का ते आधीच इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि थर्मोस्टॅटमध्ये हीटरला कुलूप लावायला सांगा, बाहेर ठरावीक तापमानाच्या वर असताना तो लागताच कामा नये. हे सेटिंग राहून गेलं म्हणून लोकांची बिलं फुगलेली मी बघितलीत आणि दोष हीट पंपाला.

रेफ्रिजरंट आर-३२. तापमानवाढीचा आकडा आर-४१०ए चा २०८८, आर-३२ चा ६७५. आर-४५४बी मिळत असेल तर त्याचा ४६६, तेही चालेल. आर-३२ आणि आर-४५४बी दोन्ही किंचित ज्वलनशील वर्गात येतात, म्हणून बसवणारा त्याचं शिकलेला हवा. जुनं आर-२२ ओझोनला मारक, माँट्रियल कराराखाली ते टप्प्याटप्प्याने बंद होत आलंय, त्यामुळे जुनं दुरुस्त करायचा विचार नकोच.

बसवताना तिथे उभ्या राहा. तांब्याच्या नळ्या शक्यतो नव्या, जुन्या मशीनचं तेल वेगळं होतं. वेल्डिंग करताना नळीतून नायट्रोजन सोडलेला हवा, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि तीच पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकते. मग नायट्रोजनच्या दाबाची चाचणी, मग व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा ओढून काढायची, ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप) खाली. पंप बंद करून तो आकडा टिकतो का ते बघायचं. "अर्धा तास पंप लावला" हे उत्तर नव्हे, गेज दाखवायला सांगा. आणि एक कायमचं लक्षात ठेवा, "गॅस संपला, भरून देतो" असं कोणी म्हटलं तर तो संपत नसतो. बंद नळीतलं रेफ्रिजरंट कमी झालं म्हणजे गळती आहे, आधी ती शोधायची.

वाऱ्यावरची – मंगळवार, दुपारी ४:१५

एक सांगू का, आमच्याकडे हीट पंप आल्यावर आई पहिले पंधरा दिवस म्हणत होती की हे गार हवा टाकतंय. फर्नेसच्या जाळीतून ५०-६० अंशांची हवा येते, हीट पंपातून ३५ ते ४० ची. हाताला ती कोमट लागते, पण सतत मंद चालू असल्याने भिंती, फरशी सगळं एकसारखं उबदार राहतं. तुमच्या सासऱ्यांना आधीच समजावून ठेवा आणि त्यांच्या पलंगावर थेट झोत येणार नाही अशी जाळीची पाती वळवा. आणि रात्री तापमान फार उतरवू नका, सकाळी एकदम वर चढवायला गेलं की मदतीचा हीटर लागतो.

बाहेरचं युनिटही त्यांच्या भिंतीपासून हलवा जमलं तर.

जुनी_खिडकी – साडेआठ महिन्यांनी, सकाळी ६:१०

धागा वर काढतेय. मशीन बसून उन्हाळा पूर्ण गेला आणि थंडीचे दोन महिने.

उन्हाळ्यात ३८ च्या दुपारी मशीन सलग चालायचं, मंद आवाजात, आणि ड्रेनखाली ठेवलेली बादली दमट दिवसात संध्याकाळपर्यंत भरायची. ओलावाताई, तुमची आठवण रोज यायची, मी बादलीचा फोटो सगळ्यांना दाखवत होते. दुसरा रिटर्न वरच्या मजल्यावर काढला, शिट्टी गेली. डक्टमधल्या हवेचा दाब (पाण्याच्या इंचात मोजतात) जुन्या मशीनवर ०.९ इंच होता, आता ०.५५ आहे. युनिट मागच्या बाजूला रबराच्या पायांवर हलवलं, सासरे दुपारी नीट झोपतात.

आज पहाटे उणे ९ होतं. साडेपाचला बाहेरून वाफ येताना दिसली, पांढरी, भरपूर, मी शाल घेऊन धावत गेले. कॉइलवर बर्फाची पातळ साय होती आणि ती वितळत होती, पंखा थांबलेला, खाली पाणी टपकत होतं. चार-पाच मिनिटांत पंखा परत सुरू झाला. हा डीफ्रॉस्टच (मशीनने स्वतःच बर्फ वितळवणं) ना दादा? घरात २० च आहे, मदतीचा हीटर या हंगामात एकूण तीन तास लागलाय असं थर्मोस्टॅट दाखवतं.

पाना_पकड – सकाळी ७:३५

डीफ्रॉस्टच. तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह उलटा फिरतो आणि घरातली थोडी ऊब कॉइलला देतो. थंडी आणि दमटपणा असला की तासा-दीड तासाने होणारच. फक्त खाली टपकलेलं पाणी गोठून युनिटच्या तळाशी बर्फ साठत नाही ना एवढं आठवड्यातून एकदा बघा, साठत असेल तर पाय अजून उंच करावे लागतील. आणि ०.५५ अजून किंचित जास्त आहे, फिल्टर कधी बदललात?

जुनी_खिडकी – सकाळी ७:५०

दोन महिने झाले. आज दोन्ही बदलते आणि परत मोजून घेऊन इथेच आकडा टाकते. तळाशी वीतभर जागा मोकळी आहे, बर्फ नाही.